सुखदेवभाऊंचे चिंचोके

सुखदेवभाऊ रामटेक्यांच्या बॅगेत एक गोटा असायचा. नदीतला, गुळगुळीत, लिंबाएवढा. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला गोटा कशाला लागतो? मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात विचारून टाकलं. मी तोंडाची फाटकी, माझ्या पोटात प्रश्न टिकत नाही. भाऊंनी बॅग माझ्यापुढे सरकवली.

"मोजा, वैशालीबाई."

पेचकस, पकड, ब्रश, चिकटपट्टी, वायरीचं भेंडोळं असं करत करत मी पंधरापर्यंत आले. गोटा धरून सोळा.

"झाला ना सम आकडा? सकाळी सामान विषम भरलं का गोटा टाकाचा, सम भरलं का घरी ठेवाचा. म्हंजे रोज समच. इथून जातेवेळी मोजाचं. विषम आला का समजाचं, काहीतरी इथीच राह्यलं."

"काय राह्यलं ते कसं कळते?"

"ते गोटा नाई सांगत. राह्यलं, एवढंच सांगते."

"अन् दोन वस्तू राह्यल्या तर? पुन्हा समच येईन ना भाऊ!"

भाऊंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रागावतात. पण ते खूश झाले होते. "मंग गोटा फसते," म्हणाले. "त्याच्यावर दुसरा इलाज हाय. सांगन कधी."

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी सरकारी ऑफिसात कंत्राटी ऑपरेटर. कोणतं ऑफिस ते विचारू नका, आमच्या साहेबांची मुलंबाळं अजून त्याच भागात नोकरीला आहेत. माझं काम वनहक्काच्या दाव्यांचं. पिढ्यान्‌पिढ्या जंगलातली जमीन कसणारी माणसं अर्ज करायची, गावची समिती जमीन मोजायची, आणि तो कागद माझ्या टेबलावर यायचा. नाव, गाव, जमीन किती आर, हे मी मशीनीत टाकायचं. शंभर आर म्हणजे एक हेक्टर. त्यावरून पुढे पट्टा छापून निघायचा.

सुखदेवभाऊ कुरखेड्याचे. कुरखेड्यापासून पार अहेरीपर्यंतच्या ऑफिसांच्या मशीनी त्यांच्याकडे होत्या. आमच्याकडे दर मंगळवारी यायचे, जुन्या मोटरसायकलवर, पूर्ण बाह्यांचा शर्ट गळ्यापर्यंत बटण लावलेला, कानावर पेन्सिल. वय पन्नाशीचं. बोलणं इतकं सावकाश की समोरच्याला वाटावं, याचं वाक्य आपणच पुरं करून द्यावं. पण तसं केलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

आणि त्यांची ती सवय! काहीही सांगितलं की विचारायचे, "काय सांगतलो मी?" आपण त्यांचं बोलणं त्यांना परत म्हणून दाखवायचं. साहेबांनासुद्धा सुटका नव्हती. चहावाला तर पार कावायचा. "दोन चहा, एक बिनसाखरेचा! सांगतलं ना भाऊ तुमीनं!"

"मी काय सांगतलो ते मले मालूम हाय. तू काय ऐकला ते सांग."

संध्याकाळी साडेपाचला भाऊ घरी फोन लावायचे. अहेरीला मुक्काम असो नाहीतर धानोऱ्यात अडकलेले असोत, साडेपाच म्हणजे साडेपाच. हात सामान भरण्यात गुंतलेले असायचे, म्हणून फोन टेबलावर आणि स्पीकर चालू. आम्ही सगळे कान देऊन असायचो.

"लिव्हून घे. धानोरा, चार नंबर, पंखा बदलला. कुरखेडा, दोन नंबर, शुक्रवारी पुन्हा पाहाची हाय."

पलीकडून बाईचा आवाज यायचा, भाजी निवडता निवडता बोलावं तसा. "धानोरा चार नंबर पंखा. कुरखेडा दोन, शुक्रवारी. अन् काऊन जी, अहेरीच्या त्या बटणाचं काय झालं? मांगच्या बुधवारी म्हणत होते."

"अरे हो!" भाऊ कपाळावर हात मारायचे. "राह्यलंच होतं."

त्या सुमनबाई, त्यांची बायको. चौथी शिकलेल्या. लिहून वगैरे काही घेत नसत, हे मला पुढे कळलं. 'लिव्हून घे' ही नुसती बोलायची पद्धत होती. सगळं डोक्यात. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. ऑफिसात सगळे हसायचे, "भाऊ बायकोले रिपोर्ट देऊन राह्यले!" मीही हसायचे. एकदा मी तोंडावर बोललेच, "भाऊ, काकूंना तुमच्यावर एवढा संशय?"

"संशय माहा मले हाय, बाई," भाऊ म्हणाले. "डोक्यात एकच प्रत असली अन् ती बिघडली, तर बिघडली हेही कळत नाई. माणसाले वाटते, आपलं बरोबरच हाय."

दुसरा इलाज त्यांनी मला दाखवला तो एका दुपारी, लाईट गेली होती तेव्हा. खिशातून चिंचोके काढले, मधोमध फोडलेले. एक बाजू काळपट, एक पांढरी. आमच्याकडे असेच चिंचोके टाकून पटावरचे खेळ खेळतात. "चार ओळी मांडा, चार-चारच्या. मनात येईन तसे, काळे-पांढरे." मी मांडले. मग त्यांनी प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचा चिंचोका ठेवला आणि खाली एक पूर्ण ओळ जास्तीची लावली. पाच गुणिले पाच झाले. "मी भिताडाकडे तोंड करतो. एक उलटवा. कोणताही."

मी एक उलटवला. भाऊ वळले, दोन क्षण पाहिलं आणि त्याच चिंचोक्यावर बोट ठेवलं.

मी दहा वेळा उलटवला. दहाही वेळा सापडला. मी चिडून म्हटलं, "आरशात पाहून राह्यले काय तुमी?" तेव्हा त्यांनी गुपित सांगितलं. जास्तीचे चिंचोके ठेवताना त्यांनी हिशेब असा केला होता की आडव्या प्रत्येक ओळीत पांढरे सम, आणि उभ्या प्रत्येक रांगेतही पांढरे सम. एक उलटवला की एक आडवी ओळ विषम होते आणि एक उभी. दोघी जिथे एकमेकींना भेटतात तिथे चोर.

"अन् दोन उलटवले तर?"

"चूक हाय हे कळते. कोणती हाय ते सांगता येत नाई." मग त्यांनी कोपऱ्यातल्या मोठ्या मशीनीकडे बोट केलं. सगळ्या ऑफिसचे दावे त्या मशीनीत होते. "तिच्या रॅममंदी असेच जास्तीचे चिंचोके असतात. आतमंदी एखादा कण उलटला का ती आपणच शोधते, आपणच सरका, म्हंजे सरळ, करते, तुमाले मालूमही पडत नाई. तुमच्या टेबलावरच्या मशीनीत साधी रॅम. तिच्यात जास्तीचे नाईत. तिथी उलटला तर उलटलाच."

ते ऐकून मी जांभई दिली होती, हे मला चांगलं आठवतं. लाज वाटते आता.

त्या श्रावणात वरून हुकूम आला, पंधरा दिवसांत सगळे दावे मशीनीत चढवा. आणि त्याच आठवड्यात मोठी मशीन बंद पडली. भाऊ भर पावसात आले. तिची एक रॅम मेली होती. तशी दुसरी नागपूरहून मागवावी लागणार, आणि नाल्याला पूर, रस्ता बंद, पार्सल येणार कधी? साहेब डोक्यावर उभे. "काहीही करा, पण उद्या सकाळी चालू पाहिजे."

भाऊंनी बराच वेळ विचार केला. मग माझ्या शेजारच्या बंद पडलेल्या मशीनीतली साधी रॅम काढली आणि मोठीत बसवली. मोठी मशीन चालू झाली. पण एक जरी साधी रॅम बसली की बाकीच्यांचीही ती तपासणी बंद पडते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा फाडला, पेन्सिलीनं त्यावर काहीतरी लिहिलं आणि त्या रॅमवर चिकटवला. साडेपाचला फोन लावला.

"लिव्हून घे. वैशालीबाईच्या ऑफिसात, मोठी मशीन, साधी रॅम टाकलो. आठ दिवस."

"वैशालीबाईचं ऑफिस, मोठी मशीन, साधी रॅम. आठ दिवस," पलीकडून आवाज आला. मग माझ्यासाठी, "पोरी, ह्यायले छत्री देजो, डोकं भिजलं का शिंकत बसतात."

मी ऐकलेला तो त्यांचा शेवटचा आवाज. पाचव्या दिवशी सुमनबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं. पुरामुळे मोठ्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला.

भाऊ महिन्याभरानं कामावर आले. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. बाकी सगळं तसंच, बॅग, पेन्सिल, गोटा. साडेपाच वाजले की हात आपोआप खिशात जायचा, फोन बाहेर यायचा, मग ते त्याच्याकडे नुसतं पाहायचे आणि परत खिशात ठेवायचे. ऑफिसात आता कोणी हसत नव्हतं.  

मोहफुलं वेचायचे दिवस आले आणि एका सकाळी मैनाबाई ऑफिसात उगवली. म्हातारी, गोंडाची, अंगाला मोहाचा वास, हातात सरकारी पट्ट्याचा कागद. वाचता येत नव्हतं, पण गावातल्या शिक्षकानं वाचून दाखवला होता.

"नऊ आर लिव्हलं म्हणते मास्तर. नऊ आरात माही एक बांधी नाई बसत. माह्या अकरा बांध्या हायेत. माह्या सासऱ्यानं बांधल्या. मंग बाकीच्या दहा कोणाच्या, सांग मले?"

बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. मी तिचा मूळ अर्ज काढला. एकशे सदतीस आर. समितीचा शिक्का, सह्या, सगळं बरोबर. मशीनीत पाहिलं. नऊ.

 नोंद माझी होती, माझ्या नावावर. दुसऱ्या दिवशी आणखी दोन माणसं आली. एकाचे दोनशे एकचे त्र्याहत्तर झाले होते, एकाचे दीडशेचे बावीस. कमीच झाले होते सगळे, वाढला एकही नाही. मग काय विचारता! ऑपरेटरनं कोणाच्या तरी सांगण्यावरून मुद्दाम जमिनी कापल्या, अशी कुजबुज सुरू झाली. साहेबांनी मला आत बोलावलं. पुढच्या सोमवारी चौकशी. कंत्राट तर जाईलच, पोलिसांत तक्रारही करावी लागेल म्हणाले. माझे बाबा आमच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक, मुलगी सरकारी ऑफिसात आहे म्हणून चारचौघांत मान वर करून चालणारे. त्यांना मी काय सांगणार होते? आणि खरं सांगते, दोन रात्री मला स्वतःचाच भरवसा राहिला नाही. वाटायचं, मीच टाकलं असेल. घाईत, झोपेत, कोण जाणे.

मंगळवारी भाऊ आले. मी सगळा राग त्यांच्यावर काढला. तिन्ही अर्ज त्यांच्या पुढ्यात आपटले. "तुमी तर म्हणत होते मोठी मशीन चुकत नाई! पाहा!"

भाऊंनी कानावरची पेन्सिल काढली. एकशे सदतीसमधून नऊ वजा केले. दोनशे एकमधून त्र्याहत्तर. दीडशेतून बावीस. तिन्ही उत्तरं एकच आली. एकशे अठ्ठावीस.

"ही चूक माणसाची नाई, बाई," ते हळूच म्हणाले. "माणूस चुकला का एकशे सदतीसचे एकशे त्र्याहत्तर करते. आकडे मांगं-पुढं करते, एखादा खाऊन टाकते. तीन जागी बरोब्बर एकशे अठ्ठावीस कोण कमी करन? मशीनीत आकडा आठ दिव्यांनी लिव्हलेला राह्यते. पहिला दिवा एकचा, मंग दोनचा, चारचा, आठचा, असा दुप्पट दुप्पट. शेवटचा एकशे अठ्ठावीसचा. एका जाग्यावरचा तो शेवटचा दिवा विझून राह्यला हाय. जो आकडा त्या जागी बसला, त्याचे एकशे अठ्ठावीस गेले."

 ओरडलेच मी. "म्हंजे मी नाई केलं!"

"तुमी नाई केलं." एवढं बोलून भाऊ एकदम थांबले. कशाची तरी आठवण होत असावी तसे. "पण मोठी मशीन तर हे सरकं करते," ते स्वतःशीच म्हणाले. "तिच्यात जास्तीचे असतात."

त्यांनी मशीन बंद केली, झाकण उघडलं, टॉर्च मारला. मी शेजारीच होते. आत एका रॅमवर चिकटपट्टीचा तुकडा होता, धुळीनं भरलेला. पेन्सिलीचं अक्षर त्यांचंच. 'आठ दिवस.'

सात महिने झाले होते.

भाऊ तिथेच फरशीवर बसले.  मग म्हणाले, "नागपूरचं पार्सल आलं होतं. ती गेली त्याच हप्त्यात. कोणीतरी माळ्यावर ठेवलं असन. मले कोणी इचारलंच नाई ना, आठ दिवस झाले का म्हणून." आवाज अगदी साधा होता. मी तिथून उठून बाहेर गेले आणि नळावर तोंड धुतलं, कारण त्यांच्यासमोर रडणं बरं दिसलं नसतं.

त्या वेळी त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, हे ध्यानात घ्या. ती पट्टी खिशात घालून, रॅम बदलून, 'मशीन चांगली आहे' असं सांगून ते निघून जाऊ शकले असते. मी कोणाला काय सिद्ध करून दाखवलं असतं? भाऊंनी काहीच हलवलं नाही. तशीच उघडी मशीन ठेवून साहेबांना बोलावलं.

रॅम तपासायचा प्रोग्राम लावला. तो दिवसभर चालला. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर पडद्यावर लाल ओळ आली, मग त्याच जागेची आणखी एक. भाऊंनी ती साहेबांना बोटानं दाखवली. साहेबांनी दार लावून घेतलं. मला बाहेर जा म्हणायला ते विसरले, नाहीतर मी त्यांच्या हिशेबात नव्हतेच.

"भाऊ, तुमचं नाव कशाले मधात आणता? जिल्ह्यात पंधरा वर्सं झाली तुमाले. ऑपरेटरची चूक म्हणून लिहून टाकतो. पोरगी कंत्राटी हाय, उद्या दुसरी येईन. पट्टे दुरुस्त झाले म्हंजे झालं ना?"

"नाई, साहेब."

"अहो, तुमच्या घरी एवढं दुःख झालं. तेच कारण लिहा मंग. बायको वारल्यानं ध्यानात राह्यलं नाई म्हणा. कोणी काही बोलणार नाई."

भाऊंनी पहिल्यांदा आवाज चढवला. चढवला म्हणजे काय, आपण नेहमी बोलतो तेवढा केला. "तिचं नाव नाई टाकाचं त्याच्यात. तिच्याजवळ बरोबर होतं. आठ दिवस, असंच सांगतलं होतं तिनं. चुकलो मी."

त्यांनी जबाब लिहिला, दोन प्रतींत. मला वाचून दाखवायला लावला. 'साधी रॅम मी बसवली. आठ दिवसांत बदलायची होती, बदलली नाही. ऑपरेटरने टाकलेले आकडे बरोबर होते.' वाचताना मी दोनदा अडखळले, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला ओळ पहिल्यापासून वाचायला लावली.

सोमवारची चौकशी दहा मिनिटांत संपली. माझी नोकरी राहिली. भाऊंचं काम गेलं, आमच्याकडचं आणि महिन्याभरात सगळीकडचं. अशी गोष्ट तालुक्या-तालुक्यात पोचायला मोटरसायकल लागत नाही. पण काम गेल्यावरही भाऊ तीन आठवडे रोज येत होते. सातशे-आठशे कागदी अर्ज मशीनीशी पुन्हा जुळवायचे होते, आणि ते कोणी करा म्हटलं नव्हतं. ते अर्ज वाचायचे, मी पडद्यावरचा आकडा मोठ्यानं म्हणायचे. आणखी काही सापडले, सगळ्यांत एकशे अठ्ठावीसचाच फरक. मैनाबाई नवा पट्टा न्यायला आली तेव्हा भाऊंनी तिला विचारलं, "किती लिव्हलं हाय, सांग बरं?"

"एकशे सदतीस. अकरा बांध्या. काऊन, तुले वाचता नाई येत?"

भाऊ त्या दिवशी हसले. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदा पाहिलं मी.

पुढे मी परीक्षा देऊन चंद्रपूरला कायम झाले. लग्न, मुली, बदल्या. भाऊंना दिवाळीला फोन करायचं ठरवायचे आणि राहून जायचं. काम करताना मात्र रोज आठवायचे. हाताखालच्या लोकांना मी अजून विचारते, "काय सांगितलं मी?" माझ्या मागे ते माझी नक्कल करतात, मला ठाऊक आहे.

मागच्या उन्हाळ्यात कुरखेड्याजवळ एका लग्नाला गेले होते. परतीच्या बसला तासभर होता. भाऊंचं घर स्टँडसमोर, रस्त्याच्या पलीकडेच. ते छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, बसले होते, पुढ्यात लाकडी पाट आणि पाटावर पंचवीस चिंचोके. फार वाळले होते. बॅग खुंटीला, गोटा खिडकीत. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. चहा स्वतः केला. "साखर कमी टाकलो. काय सांगतलो?"

"साखर कमी," मी म्हटलं, आणि दोघंही हसलो.

"उलटवा एक," भाऊ म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी उलटवला. सापडला. पुन्हा उलटवला, पुन्हा सापडला. त्यांचा चेहरा असा खुलला की मी घड्याळाकडे पाहिलंच नाही. "सुमन लबाड होती," ते सांगू लागले. "कधीकधी एकही उलटवत नसे. अन् तोंड असं करून बसे जसं लय मोठी चोरी केली. मी मोजून मोजून थकून जाओ."

मग बोलता बोलता त्यांनी एक चिंचोका हातात घेतला. "लग्नाच्या आधी मी तिले पाहाले गेलो, तवा ती म्हणे, माही साडी निळी होती. मी म्हणो, हिरवी. तीस वर्सं भांडलो आमी त्याच्यावर. आता भांडण नाई, बाई. मी हिरवी म्हणलो तर हिरवी. निळी म्हणलो तर निळी. बरोबर कोणती, पुसाव कोणाले?"

मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही. बसचा हॉर्न वाजला.

"पुन्हा या," भाऊ म्हणाले.

"येते भाऊ."

"काय सांगतलो?"

"पुन्हा या."

"हां."

मी गेले नाही. वर्ष झालं, आणि आता तिथे कुलूप आहे. कोणी पुतण्या त्यांना घेऊन गेला म्हणतात, कुठे ते शेजारच्यांनाही नीट माहीत नाही. माझ्याजवळ आहे ते त्या दिवशी खिडकीतून दिसलेलं. हॉर्न वाजवूनही ड्रायव्हर खाली उतरून पान खात होता, बस सुटायला अजून वेळ होता. समोर छपरीत भाऊंनी पाटावरचा एक चिंचोका उलटवला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला आधी कळेना, घरात कोणी नाही, मग हे कोणासाठी उभे आहेत? मग कळलं. आपण कोणता उलटवला, ते विसरायची वाट पाहत होते. मी सीटवरून अर्धी उठले, इतक्यात ड्रायव्हर चढला. बस निघाली तेव्हाही भाऊ भिंतीकडे तोंड करून उभेच होते.